मागची काच

शिळफाट्यावर एसटीची वाट बघत मोतीबाई गजाच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती. बुधाजी आपल्या टॅक्सीच्या काचांना काळी फिल्म लावून घ्यायला आला होता.

"पुढच्या दारांना लावू?" गजानं विचारलं.

"नको. मागच्या दोन दारांना लाव."

"उन्हासाठी?"

"उन्हासाठी नाय रं. परवा दवाखान्यातनं वाडीवरच्या ठमीला घरी सोडली. मांडीवर पोर, गेलेलं. वाटंत रेल्वेचं फाटक पडलं, तशी माणसं काचंला नाक लावून बघाया लागली."

"मग?"

"तिनं पोरावर पदर घेतला. पाजतेय असं दाखवलं. फाटक उघडंपर्यंत त्याची पाठ थोपटत व्हती."

एसटी येऊन उभी राहिली. मोतीबाई पायरीवरून उठली नाही.

"मंग मागची मोठी काचबी झाकू. तिच्यातनंबी दिसतं," गजा म्हणाला.

"ती नको."

"का रं?"

"तिचा नवरा सायकलवर मागनं येत व्हता. सायकल शेजाऱ्याची, टाकून कसा येनार? ती सारखी वळून त्याला बघत व्हती. मंग मीबी वाडीपर्यंत गाडी सायकलीच्या चालीनंच नेली."