कार्डाला लावलेलं कुंकू

बसा पावणं, खुर्ची वडून घ्या, त्या टेबलाला तेवढा धक्का लागू देऊ नका, सूनबाईचा कॉम्प्युटर हाय त्यो, काम चाललंय त्याचं. लिहून घेताय, रेकॉर्डरबी लावलाय न्हवं? घ्या की, माझ्याकडं लपवण्यासारखं काय न्हाय, आन् जे एक हुतं ते मीच सांगून टाकलंय, तेच तुम्हाला सांगतो.

मी मूळचा पन्हाळ्याच्या पायथ्याचा. जमीन एवढीशी आन् भाऊ चार, म्हणून मिसरूड फुटायच्या आत कोल्हापुरात आलो आन् मोटार वायंडिंगच्या दुकानात चिकटलो. शेतावरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की आमच्याकडं यायच्या, आतली जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, आन् मोटार गरगरा फिरली की मालकाच्या आधी मलाच आनंद व्हायचा. चाळीस वर्सं तेच केलं. आन् काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्सांत एक मोटार हळदी-कुंकवाबिगर चालू केली न्हाय. आमच्या वस्तादांनी लावलेली सवय, यंत्राला आधी बोट, मग बटण. ते म्हणायचे, यंत्रबी पावणाच हाय, दारात आल्यावर इच्यारपूस नको का करायला.

तर आता सून. रूपाली नाव, माहेर चंदगड. लग्न करून आली तवा मी तिला चिडवायचो, तुमच्याकडं पाऊस एवढा की माणसं वरडून बोलत्यात म्हणं. तर ती शांतपणे म्हणाली, मामा, तुम्ही कोल्हापूरची माणसं पाऊस नसतानाबी वरडताय की. तवाच म्हटलं, ही टिकायची ह्या घरात.

पोरगं माझं फौंड्रीत, ही दागिन्यांची डिझाइनं करायची एका हापिसात, कॉम्प्युटरवर. कोल्हापुरी साज म्हंजे चंद्र, कमळ, मासा, भुंगा अशी एकेक पानं असत्यात बगा, ती ही आधी पडद्यावर घडवायची, मग कारागीर सोन्यात घडवायचा. बाळ झालं आन् नोकरी सुटली. मग घरातनंच काम करायचं म्हणाली, जुना कॉम्प्युटर हुता, पन त्याचा जीव केवढा, साजाचं फिरतं चित्र करायला घातलं की पडदा गच्च थांबायचा. एका सराफानं सांगितलं हुतं, साजाचं चारी बाजूनं फिरणारं चित्र दाखवा, आवडलं तर कायमचं काम तुम्हाला, न्हायतर दुसरा माणूस बघतो. मुदत आठ दिवसांची, शेवटच्या दिवशी सांजंपतोर. पोरगी दोन वर्सं घरात बसून आतल्या आत झुरत हुती, मला दिसत हुतं, पन सासऱ्यानं काय बोलायचं.

तिनं ग्राफिक्स कार्ड मागवलं, म्हंजे चित्रं वडायचं इंजिनच समजा, अंगाला दोन पंखे आन् खालच्या कडंला सोन्यावानी चकाकणारी पट्टी. ते नेमकं मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आलं. तिनं कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं, मागची पत्र्याची पट्टी काढली, कार्ड टेबलावर ठेवलं आन् तेवढ्यात आत बाळ रडायला लागलं. मामा, जरा लक्ष ठेवा, हात लावू नका, म्हणाली आन् गेली.

आता मी नुकताच देवाम्होरचा दिवा लावून आलतो, बोटाला तेल, ताटात हळदी-कुंकू तयार. घरात नवं यंत्र आलंय, आन् त्याला बोट न लावता चालू करायचं? हात लावू नको म्हणाली, बोट लावू नको कुठं म्हणाली. आन् लावायचं कुठं, तर जिथं चकाकतंय तेच कपाळ, असं मला वाटलं. सोन्याच्या पट्टीला हळद लावली, कुंकू लावलं. जास्त झालं म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसलं, वरनं काय दिसंना, मला वाटलं झालं.

ती आली, कार्ड पेटीत बसवलं, वायर जोडली, पडद्याची केबल कार्डाला लावली, बटण दाबलं. पंखे फिरले, पन पडदा काळा. काढून परत बसवलं, काळा. कार्ड काढून जुन्यावानी जोडलं तर सगळं चालू. म्हंजे कार्डच खराब, म्हणाली, बदलून यायला आठ दिवस लागतील. आन् खाली फरशीवर बसली, भिताडाला टेकून. रडली न्हाय, पन रडली असती तर बरं झालं असतं असं तिचं तोंड.

माझ्या मनात चमकलं, माझं तेल-कुंकूच आडवं आलं असणार. चाळीस वर्सं मी हाताखालच्या कारागिरांना एकच सांगत आलतो, चूक लपवली की मोटार जळून परत दारात येती. आन् आता चूक माझीच. कार्ड खराब म्हटल्यावर माझं नाव येणारच नव्हतं, कुणालाबी कळलं नसतं. पन तिचं ते तोंड बघवना. म्हटलं, रूपाली, कार्ड चांगलं हाय, मीच त्याला कुंकू लावलंय. कुठं, म्हणाली. त्या सोन्याच्या पट्टीला.

मला वाटलं आता ऐकून घ्यायला लागणार, आन् घेणार हुतोच, चुकलो हुतो. तर ती अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की आत बाळ जागं झालं, आमची मालकीण पिठाच्या हातानं बाहेर आली. मामा, म्हणाली, त्या पट्टीतनंच तर सगळा निरोप जातोय, तुम्ही त्याचं तोंडच बंद केलंसा.

मग मी माझ्या सवयीनं पॉलिश पेपर काढला, आमच्याकडं काळा पडलेला पॉइंट, म्हंजे करंट जायचा जोड, त्यानंच घासतोय. नको, सोनं जाईल, म्हणून तिनं हात धरला आन् तिच्या चित्राच्या डब्यातलं खोडरबर दिलं. चष्मा लावून बसलो. एका दिशेनं, हलक्या हातानं, दोन्ही बाजू घासल्या, स्वच्छ ब्रशनं भुगा झाडला, पेटीतली खाचबी कोरड्या ब्रशनं झाडली. आता तुम्हीच बसवा, म्हणाली. बसवलं, दाबलं, टक्कन आवाज आला. तिनं बटण दाबलं.

पडदा उजळला, पावणं. दुपारपतोर साज फिरायला लागला, चंद्र, कमळ, मासा, भुंगा, एकेक पान झळकत. मालकीण म्हणाली, माझ्या गळ्यात कधी आला न्हाय, पन घरात तरी आला. मुदतीच्या आधी चित्र गेलं, दुसऱ्या दिवशी सराफाचा होकार आला. मी खुळ्यावानी सगळ्या गल्लीला सांगून आलो, कुंकवासकट सगळं.

आता तिच्याकडं काम एवढं की मला बाळाला फिरवून आणायला सांगती, आन् मी जातो की. परवा कॉम्प्युटरचा नवा पडदा आला, तर खोकं फोडायच्या आधी तिचीच हाक, मामा, ताट घेऊन या. ह्यो बगा पेटीच्या पत्र्यावर माझ्या बोटाचा ठिपका, धूळ पुसती पन तेवढं सोडून पुसती. देवानं अशी सून सगळ्यांना द्यावी. तुमच्या त्या रेकॉर्डरला लावू काय बोट? भिऊ नका, बाहेरनंच लावतो.