कॅमेरा पाहण्याचा कार्यक्रम

नाही नाही, तो नको, तो ठेव बाजूले — तो गळ्यात घातला तं मान झुकते माझी — मले छोटा पायजे, पर्समध्ये मावेल असा, अन् सस्तातला — भिशी लागली ना माझी या महिन्यात, तेवढ्यातच बसवा लागते. हिंदीत बोलू? तू बोल हिंदीत, मी मराठीतच बोलते. समजते ना? हव म्हणून राहिला — पाय, आमच्या नागपूरकडे हवच म्हणतात, तुमच्या इथं रायपूरलेही हव. बरं झालं, एक तं जुळलं. काय जुळलं म्हणजे — असंच, बोलायची पद्धत आहे माझी. तू दाखव भैया. भैया — नाही, भैया नको, भैया म्हटलं तं तू तिचा मामा लागशील — कोणाचा नाही रे, कोणाचाच नाही! बेटा म्हणते. बेटा ठीक आहे ना, पियुष? आता नाव कसं माहीत म्हणजे — तिथं खिशावर लिहिलेलं आहे ना तुझ्या. नाही लिहिलं? मग मालकांनी हाक मारली असेल मघाशी. कॅमेरा दाखव तू.

काहून पायजे विचारतो? रविवारी घरी कार्यक्रम आहे, म्हणून. छोटासाच, नागपूरचे चार लोक येऊन राहिले. अन् आमचे हे — नरहरीराव, रेल्वेत गार्ड होते — हे काढतात मोबाईलवर फोटो, अन् प्रत्येक फोटोत यांचा अंगठा! सत्यनारायण झाला — अंगठा. भाचीचं डोहाळजेवण झालं, पोट्टी बिचारी फुलांची वाडी भरून बसली, धनुष्य हातात, अन् फोटो पाय तं अर्धा अंगठा अन् अर्धं धनुष्य. आयुष्यभर गाड्यांले हिरवी झेंडी दाखवली त्या हातानं, कधी चूक नाही झाली म्हणतात, अन् मोबाईल धरता येत नाही. मी बोलली तं म्हणतात, तूच काढ मग. म्हणून आली मी. एकटीच आली, यांले माहीत नाही — कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्याचं माहीत नाही.

काय म्हणाला? माझा मोबाईल पाहू? घे, पाय. — हां? — हाच बरा आहे? या पैशात जे नवे छोटे कॅमेरे येतात त्याच्यापेक्षा घरातल्या उजेडात या मोबाईलचाच फोटो चांगला येईल? अरे बाप्पा! तू मले कॅमेरा विकून राहिला का घरी पाठवून राहिला? हळू बोल ना जरा — ते गल्ल्यावर बसले ते भैय्यालालजीच ना, तुझे मालक? त्यांनी ऐकलं तं तुलेच घरी पाठवतील, अन् मग मी घरी जाऊन काय सांगू, पोट्टा चांगला आहे पण नोकरी गेली, अन् माझ्यापायीच गेली? — म्हणजे कॅमेरा नाही मिळाला हे सांगू, असं म्हणून राहिली मी. नाही, मले कॅमेराच पायजे. मोबाईल नाही चालत. मोबाईलवर काढला का यांच्या त्या फॅमिली ग्रुपवर जाते, अन् मग अकोल्याच्या नणंदेपासून सगळे मत देतात. मले असा पायजे का फोटो त्याच्यातच राहील, मी दाखवेन त्यालेच दिसेल. आहे ना असा? मग काढ की.

हे पाय, मी काही येडी नाही. आधी पलीकडच्या रोडवरच्या दुकानात जाऊन आली मी. तिथला पोट्टा म्हणे, आंटीजी ये लो, अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल. मी म्हटलं मेगापिक्सेल म्हणजे काय रे, तं म्हणे जितना ज्यादा उतना अच्छा. तू सांग आता, खरं का? — फुगवलेला आकडा? आतला तो — काय म्हणतो — सेन्सर, तो एवढुसा, नखावढा, अन् डब्ब्यावर आकडा मोठा? अन् हे झूम लिहिलं आहे सोळा पट, हे? — हां, हां — लेन्स स्वतः बाहेर येऊन जवळ आणते तेवढंच खरं, बाकीचं नुसतं फोटो ताणून मोठा करणं? ते तं मीही करते दोन बोटांनी! बाप्पा बाप्पा, शिशिरचंही अगदी असंच निघालं. पगार सांगितला तेव्हा आमचे हे खुर्चीतून उठलेच, अन् नंतर समजलं का त्याच्यात कंपनीची गाडी, कॅन्टीनचं जेवण अन् जो बोनस मिळाला नाही तोही धरला होता. ताणून मोठा केलेला. कोण शिशिर? आहे एक नागपूरचा. येऊन राहिला ना रविवारी. एकदा येऊन गेला तं पूर्ण वेळ स्वतःच्या गाडीबद्दल बोलला, पोरीले एक शब्द नाही विचारला — तुले काय करायचं आहे त्याच्याशी.

चहा कशाले सांगितला रे? बरं, घेते, उन्हातून आली. — फिक्का आहे. नाही नाही, चांगलं झालं, मले डॉक्टरनं साखर बंदच केली, पण लोकं ऐकतात का, जिथं जावं तिथं दोन चमचे टाकूनच देतात. समजदार आहे तुमचा चहावाला.

हा कोणता? सेकंडहँड? पाय बेटा, मी सस्तातला म्हटलं, वापरलेला नाही म्हटलं. — असं? नव्या फालतूपेक्षा चांगल्या कंपनीचा जुना बरा? लेन्स साफ आहे, आत बुरशी नाही — कॅमेऱ्यातही बुरशी लागते? माझ्या लोणच्यालेच लागते समजत होती मी. बॅटरी फुगलेली नाही, कार्ड साधंच लागते, कुठंही मिळते. बरं. अन् खोट काय आहे याच्यात? काही तं असेल, म्हणून विकला ना कोणं. — हां, कोपऱ्याले घासलेला आहे. अजून? — फ्लॅश एकदा मारला का दुसऱ्या वेळी थोडं थांबा लागते. अजून? — अंधारात फोटो दाणेदार येते. बस, एवढंच? विचारलं तसं सांगून टाकलं सगळं! दुकानदार असा असते का रे? त्या पोट्ट्याले मी तेच विचारलं, आंटीजी इसमें कोई कमी ही नहीं है, म्हणे. ज्याच्यात कमीच नाही तो मले नकोच, घरी एक आहे तसा, त्याचा अंगठा तेवढा पायला ना तू.

अन् घरी कोण कोण आहे तुझ्या? — कॅमेऱ्याशी संबंध नाही कसा? वापरलेला माल देऊन राहिला, उद्या बिघडला तं कुठं येऊ मी, माणूस राहते कुठं ते माहीत नको? भनपुरी. घर स्वतःचं? — बाबूजींनी बांधलं. बाबूजी तिकडे उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये, अन् आई घरीच. अन् दीदीचं लग्न झालं. बरं. घेतो का तू? चहा रे, चहा! मी एकटीच पिऊन राहिली म्हणून विचारलं. अन् दुसरं काही — तेही नाही? बाबूजी? — कधीकधी होळीले. खरं बोलते हा पोट्टा, काय करावं याले. स्वयंपाक? आता हसतो काहून, रविवारी चार लोक येऊन राहिले, मदतीले कोणी लागेल का नाही? भात येते फक्त. बरं, भात तं भात.

चालू कर मग, पाहू कसा येते. — माझा नको! माझा काढू नको, माझे डोळे मिटतात फोटोत. लहानपणापासून. समोरचा हात वर करते ना, मी डोळे मिटून घेते, कितीही ठरवलं तरी. लग्नाच्या आधी बाबांनी स्टुडिओत नेलं होतं मले, पाहणाऱ्यांकडे पाठवायले फोटो पायजे म्हणून, तेव्हाही मिटले. दुसरा काढायचे पैसे कोण देते, तोच पाठवला रायपूरले. अन् यांनी पसंत केला! म्हणाले, पोरगी शांत दिसते. पस्तावून राहिले ना मग जन्मभर. मले कोणं विचारलं होतं म्हणा. मी तं यांचा फोटोही नव्हता पायला. सुपारी फुटली त्या दिवशी पडद्यामागून यांचे बूट दिसले तेवढे — चकाचक पॉलिश, रेल्वेचे.

नाही, वाईट नाहीत हे. तसं म्हणून राहिली नाही मी. पण यांले वाटते आपलं झालं तसंच सगळ्यांचं होते. माझ्या ओळखीची एक पोट्टी आहे — ओळखीचीच समज — नव्या रायपूरले ऑफिसात आहे, सकाळी बसची वाट पाहत उभी राहते ती दिवे लागणीलेच येते घरी, कधी कोणाले उलटून बोलली नाही. तिनं यावेळी पहिल्यांदा म्हटलं, आई, मले तो नागपूरचा नको. दुसरा आहे एक, आपल्यातला नाही, इथलाच आहे, कॅमेऱ्याच्या — कुठल्या तरी दुकानात आहे. मी काय करावं? मी भडकली. म्हटलं, दुकानात उभा राहणारा पोट्टा, तुले दुसरं कोणी दिसलं नाही का. खूप बोलली मी. तेव्हापासून बोलत नाही ती माझ्याशी. ताट वाढून ठेवते माझं, पाणी ठेवते, अन् आत निघून जाते. ओरडली असती तं बरं झालं असतं रे. ते गप्प बसणं मले नाही पाहवत — मी अशीच गप्प होती ना तिच्या वयात, मले माहीत आहे आत काय काय होते ते. अन् रविवारी ते लोक आले, सुपारी फुटली, का संपलं. यांले मीच काही म्हणू शकते, दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत हे. पण म्हणू काय? पोट्टा कसा आहे हे मले माहीत तं पायजे ना आधी! पाहिल्याशिवाय मी कोणत्या तोंडानं — 

काय केलं तू? काढला? मी बोलत होती अन् तू फोटो काढला? दाखव. दाखव इकडे!

माय माय! — डोळे उघडे आहेत! पाय ना, दोन्ही उघडे! थांब, चष्मा लावू दे. मीच आहे. नाक लाल झालं आहे, पण डोळे उघडे आहेत. कसं काढलं रे हे? — हव, हात वर नाही केला, काउंटरवरच ठेवून काढला. तुले कसं सुचलं, का मी कॅमेरा वर दिसला का डोळे मिटते — आता सांगितलं मी, हो, पण तू तं त्याच्या आधीच काउंटरवर ठेवला होता. आधीपासूनच तसा ठेवला होता.

थांब जरा. 

हा चहा. या दुकानात ती बाई बसली आहे, तिले बी चहा आला, गोड म्हणून राहिली ती. माझाच फिक्का काहून? मी तं काही सांगितलं नव्हतं. अन् मघापासून तू मले काकू म्हणून राहिला. सगळं हिंदीत बोलते अन् तेवढं काकू. त्या बाईले आंटीजी म्हटलं तू, मी ऐकलं ना. — आता खाली काहून पाहून राहिला? वर पाय. मी दारातून आत आली तेव्हापासून माहीत होतं तुले? आमच्या रूपालीनं फोटो दाखवला होता माझा? डोळे मिटलेला? अन् साखरेचंही तिनंच सांगितलं? माझ्याशी बोलत नाही, अन् माझी साखर इथं येऊन सांगते! — अन् तू सगळं माहीत असून मले म्हणतो, मोबाईलच चांगला आहे, घरी जा? अरे मूर्खा, होणाऱ्या सासूले कोणी असं वापस पाठवते का!

हसू नको. मी काही हो नाही म्हटलं. डोळे पूस तुझे आधी, मालक पाहून राहिले. बांधून दे हा कॅमेरा, घासलेलाच दे, अन् मले सूट-बिट नको, सगळे पैसे घे — नाही तं हे म्हणतील सासूले फुकट देऊन फसवलं. शनिवारी संध्याकाळी ये घरी. रविवारच्या आधी. बूट पॉलिश करून ये, यांची नजर बुटावरच जाते. अन् यांच्यासमोर सगळं असंच सांग, घासलेलं-बिसलेलं, काही लपवू नको, मी आहे बाजूले. पण आज रात्री यांले आधी फोटो तं दाखवा लागते ना? पोट्ट्याचा फोटो पाहिल्याशिवाय हे बोलायलेच बसत नाहीत. दे इकडे, कुठं दाबा लागते? हे? बरं, तिकडे उभा राहा उजेडात. केस सरळ कर. हस थोडं — एवढं नको. हलू नको आता. 

— झालं. पाहू. हात्तिच्या! डोळे मिटले ना रे तू! — नाही, राहू दे. दुसरा नको. हाच दाखवते यांले. शांत दिसते.