वाचून दाखवल्याशिवाय एंटर नाही

(सकाळचे साडेनऊ. सुनेचे दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. समोर लॅपटॉप, शेजारी डब्याला टेकवून उभा केलेला फोन. त्यातून साहेबांचा आवाज.)

सून : नाही आई, पेन्सिल दातात धरून जमतंय मला. फक्त लॅपटॉप जरा पुढे सरकवा.

सासू : काय जमतंय? दोनदा हाकलून लावलं त्याने तुला.

साहेब : अगं, तिसऱ्यांदा चुकलीस तर खातं तासभर बंद होईल. तू नुसतं सांग, टाइप दुसऱ्या कोणाला तरी करू दे.

सून : सर, तुम्हीच करा ना!

साहेब : मी बसमध्ये उभा आहे. एका हातात दांडी, एका हातात फोन, लॅपटॉप घरी. आणि डायलिसिस केंद्रातून तिसरा फोन येऊन गेला. दहा वाजता पहिली पाळी बसते. कोणाला किती तास, कोणतं औषध, किती वजन उतरवायचं, सगळं आपल्या सर्व्हरवर, आणि सर्व्हर ढिम्म हलत नाहीये.

सासू : म्हणजे माणसं तिथे येऊन खोळंबलीत?

साहेब : बारा जण. आपण कोण बोलताय?

सासू : मी हिची सासू. एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते. मिनिटाला साठ शब्द.

साहेब : काकू, अगदी देवासारख्या भेटलात!

सून : सर, पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा नाही असा आपला नियम आहे.

साहेब : नियम मी लिहिलाय, मीच मोडतो. संध्याकाळी बदलून टाक.

सून : पण सर, माझा पासवर्ड जरा... खाजगी आहे.

सासू : एकतीस वर्षं खटले टाइप केलेत मी, त्यात घटस्फोटाचे कितीतरी. कोण कोणाला काय म्हणालं, कोणी कोणाच्या ताटात काय टाकलं, सगळं. माझ्या कानाला काही नवीन नाही. शिवाय टाइप करताना मी वाचत नाही. मजकूर कानातून थेट बोटांत जातो, डोक्यात शिरतच नाही.

सून : नक्की?

सासू : सांग लवकर. बारा माणसं बसलीत.

सून : बरं. इंग्रजी अक्षरं आहेत, हळूहळू सांगते. ए, ए, आय. पी, ए, एन, डी, एच, ए, आर, ए...

सासू : अगं, इथे काहीच उमटत नाहीये.

सून : पासवर्ड दिसत नाही, आई. मुद्दाम लपवतात. फार चांगली सोय आहे ती. पुढे डी, आय, व्ही, ए, एस. एम, एच, ए, एन, ए, एल, वाय, ए. मग झेड, ए, एल, आय. मग आकडा तीन. मग व्ही, ए, आर, एस, एच, ए. झालं. एंटर दाबा.

सासू : थांब. वाचून दाखवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सून : दिसतच नाहीये तर वाचणार काय? दाबा ना, आई.

सासू : बोटांना आठवतंय की. ‘आई पंधरा दिवस म्हणाल्या, झाली तीन वर्षं.’

सून : आई, सर ऐकतायत.

सासू : बरोबर आहे?

सून : बरोबर आहे.

सासू : नाही, चूक आहे. गेल्या महिन्यात सव्वातीन झाली. पण तू म्हणतेस तर तीन. हे दाबलं एंटर.

साहेब : मला काही ऐकू आलं नाही. या बसचा आवाज फार आहे.

सून : आई, तो पासवर्ड मी फार पूर्वी, म्हणजे रागात नाही, गमतीत...

सासू : उघडलं बघ. काळी पाटी आलीय, खाली एक रेघ लुकलुकतेय. आता कुठे टिचकी मारू?

सून : कुठेच नाही. इथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. जे हवं ते नीट टाइप करून सांगायचं.

सासू : मग हे माझ्याच जमान्यातलं निघालं की. सांग.

सून : व्ही, आय, आर, एस, एच. स्पेस. लिस्ट. एंटर.

सासू : विर्श? हा कुठला शब्द?

सून : एका मोठ्या मशिनच्या पोटात आम्ही तीन मशिनं चालवतो. हात लावायला वेगळी नाहीत, पण प्रत्येक स्वतःला अख्खं मशिन समजतं. त्यांना या शब्दाने हाक मारायची.

सासू : एका घरात तीन बिऱ्हाडं.

सून : हो, आणि जागेवरून भांडणं.

सासू : तीन ओळी आल्या. ‘नोंदणी’, पुढे रनिंग. ‘रांग-जुनी’, रनिंग. ‘रांग-नवी’, पुढे पॉज्ड.

सून : तरीच! सर, केंद्राची यादी असलेली नवी रांग नुसती थांबलीय, मेलेली नाही. मोठ्या मशिनची डिस्क काठोकाठ भरली असणार. लिहायला जागा उरली नाही, म्हणून ती आहे तिथे थबकली.

साहेब : मग जागा कर.

सून : तेच करतेय. आई, ती जुनी दिसतेय ना? तिची एक प्रत दुसरीकडे ठेवलीय. आता तिचा कोणाला उपयोग नाही, पण उगाच अर्धी जागा अडवून बसलीय. तिला घालवली की सगळ्यांना मोकळं वाटेल.

(सासू चष्म्यावरून तिच्याकडे बघते.)

सून : मी मशिनबद्दल बोलतेय, आई!

सासू : मी काही म्हटलं का?

सून : तुमचा चेहरा म्हणाला.

सासू : माझा चेहरा एकतीस वर्षं साक्षीदारांसमोर गप्प बसलाय. कमांड सांग.

सून : विर्श, स्पेस, डिस्ट्रॉय, डी ई एस टी आर ओ वाय, स्पेस, रांग, आडवी रेघ, जुनी.

सासू : डिस्ट्रॉय? सरळ नाश?

सून : नाही हो. याचा अर्थ फक्त खटकन बंद करणं. तिचं सामान, म्हणजे डिस्कवरची तिची फाइल, तसंच राहतं.

सासू : मग सामान काढायला काय म्हणतात?

सून : आर एम. रिमूव्ह.

सासू : म्हणजे ‘नष्ट करा’ म्हटलं की नुसतं बंद होतं, आणि ‘बाजूला काढा’ म्हटलं की नष्ट होतं. या लोकांना भाषा कोणी शिकवली?

साहेब : काकू, हा प्रश्न मला नोकरीला लागल्यापासून पडलाय.

सासू : विर्श डिस्ट्रॉय रांग-जुनी. वाचलं, दाबलं. ‘डिस्ट्रॉयड’ म्हणून उत्तर आलं.

साहेब : अगं, पुन्हा केंद्राचा फोन येतोय. विचारतायत, नवी यादी कधी मिळेल? नवीचं काय सांगू?

सून : पाच मिनिटं सांगा!

साहेब : नवीला पाच मिनिटं लागतील म्हणतो. नक्की ना? नवी नाही उठली तर ते सगळ्यांना घरी पाठवतील, आणि त्यात एक आजी दोन तासांचा प्रवास करून आल्यात.

सून : उठेल हो! आई, लवकर. आर, एम, स्पेस, रांग, आडवी रेघ, नवी, टिंब, आय एम जी. एंटर.

सासू : थांब, वाचू दे.

सून : आई, एंटर.

सासू : ‘आर एम रांग-नवी.’ नवी?

सून : हो, तेच. दाबा!

सासू : ओरडू नकोस. आर एम म्हणजे खरोखरचा नाश, असं तूच आत्ता सांगितलंस. आणि ती म्हातारी बाई ज्या यादीसाठी खोळंबलीय, ती नवीत आहे ना?

सून : हो, यादी नवीतच आहे.

सासू : की मला कळत नाहीये?

सून : हात काढा. आई, हात काढा तिथून. दोन्ही. कशालाही लावू नका.

सासू : काढले. हे बघ, वर केले.

साहेब : काय झालं? अरे, कोणी बोला ना.

सून : सर, मी नवी पुसायला सांगत होते.

साहेब : नवी?

सून : तुम्ही नवी, नवी करत होतात, माझ्या तोंडात तेच बसलं. त्यात सकाळची वेदनेची गोळी. नाही, गोळीचं काय, चूक माझीच. कालपासूनच्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या.

साहेब : दाबलं नाही ना?

सासू : नाही दाबलं. इथेच आहे, रेघ लुकलुकतेय. पुसू का ओळ?

सून : पुसा. उलट्या बाणाने, एकेक अक्षर.

सासू : पुसली. आता श्वास घे. घेतलास? पुन्हा सांग. सावकाश. आणि साहेब, तुम्ही दोन मिनिटं गप्प बसा.

साहेब : बसतो.

सून : आर, एम. स्पेस. रांग, आडवी रेघ... जुनी. जे, यू, एन, आय. टिंब, आय एम जी.

सासू : आर एम रांग-जुनी. जुनी. तूही वाच स्क्रीनवर.

सून : जुनी.

सासू : साहेब, बोला आता एकदाच.

साहेब : जुनी.

सासू : दाबलं. काहीच उत्तर नाही.

सून : आर एम काही बोलत नाही. गुपचूप करून टाकते. आता विर्श, रिझ्यूम, रांग-नवी. वाचा.

सासू : विर्श रिझ्यूम रांग-नवी. दाबलं. ‘रिझ्यूम्ड’ म्हणतेय.

सून : सर, केंद्राला विचारा दिसतंय का.

साहेब : विचारतो. फोन कट करू नकोस, धरून ठेव.

सून : तो धरायला हातच नाहीत, सर.

सासू : गेले वाटतं दुसऱ्या फोनवर. अगं, रडतेस कशाला? वाचली ना यादी.

सून : तुमच्यामुळे. मी चांगली ठासून ‘दाबा’ म्हणाले होते. दोनदा.

सासू : माझी कहाणी सांगू? नोकरीचं दुसरं वर्ष. निकालपत्र टाइप करत होते, घाईत. ‘आरोपी दोषी नाही’ असं न्यायाधीशांनी सांगितलं, आणि मी ‘नाही’च्या जागी ‘आहे’ टाइप केलं. निर्दोष माणूस दोषी झाला.

सून : अरे देवा! मग?

सासू : सहीच्या आधी आमच्या वरिष्ठांच्या, शिरस्तेदारांच्या लक्षात आलं. ओरडले नाहीत. म्हणाले, मुली, हा कागद मला वाचून दाखव. मी वाचला, त्या शब्दापाशी आले आणि कागद पुन्हा मशिनवर चढवला. बाहेर बाकावर त्या माणसाची बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हापासून किराण्याची यादीसुद्धा वाचून दाखवते मी. तुला राग येतो त्याचा, ठाऊक आहे.

सून : येतो. म्हणजे, यायचा.

सासू : आणि पंधरा दिवसच म्हणाले होते, ते खरं आहे. परतीचं तिकीटही काढलं होतं.

सून : मग?

सासू : घर आवरून निघालेच होते ना तिकडून. इथे आले, तर तुमच्या घरात कोणी ना कोणी काहीतरी शोधत असायचं. मोजे, किल्ली, चष्मा. तिकडे हे गेल्यापासून कोणाचं काही हरवत नव्हतं. जिथली वस्तू तिथे. मला वाटलं, अजून आठवडाभर राहू.

सून : आई, तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

सासू : तू तरी कुठे बोललीस? मशिनला सांगत बसलीस. दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी सांगत असशील.

सून : दर तीन महिन्यांनी. नियम आहे.

सासू : बारा-तेरा झाले असतील मग! सगळे माझ्यावर?

सून : दोन तुमच्या मुलावर आहेत.

सासू : फक्त दोन? लाडावून ठेवलायस त्याला.

साहेब : हॅलो! दिसतंय! सगळी यादी आली, एकही नोंद गेलेली नाही. सिस्टर म्हणाल्या, पहिली चौघं बसवली. त्या आजींना खिडकीजवळचं मशिन दिलं, त्यांना तेच हवं असतं. काकू, तुमचे आभार कसे मानू?

सासू : मानू नका. त्या नियमात एक ओळ वाढवा : वाचून दाखवल्याशिवाय एंटर नाही.

साहेब : आजच वाढवतो. तुमच्या सुनेला महिनाभर तरी टाइप करता येणार नाही. तुम्ही रोज दहा ते एक...

सासू : बारा ते चार मला जमतं. सकाळी स्वयंपाक असतो. उद्या बोलू. ठेवते. हे लाल बटण दाबायचं ना? ठेवला.

सून : तुम्ही खरंच नोकरी धरली?

सासू : तू सांगणार, मी टाइप करणार. दोघींची मिळून एक नोकरी. का, चालणार नाही?

सून : चालेल. आई...

सासू : काय गं? पाणी हवंय?

सून : नाही. नाक खाजतंय.

सासू : मग सांगायचं नाही का? आण इकडे. कधीपासून?

सून : मंगळवारी पडले, तेव्हापासून.