मी काही बोललो नाही, फक्त बॉनेट उघडलं

नाही, शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं हो मला! पण कौतुक? तेही चारचौघांत? इंग्लंडात वॉटफर्डच्या आमच्या मंडळाची दिवाळी, म्हणजे हॉल मिळाला तेव्हा, नोव्हेंबर संपता संपता, आणि माझी बायको सुनीती हातात चकल्यांची डिश घेऊन सगळ्यांना सांगतेय, "अगं, गाडीचे हेडलाइट माझ्यामुळे बिघडले, हरीशने घरच्या घरी दुरुस्त केले, पण मला एका शब्दाने बोलला नाही!" आणि सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघतायत... आणि आपापल्या नवऱ्यांकडे तशा! तुम्हाला सांगतो, चकली घशात अडकली माझ्या. पण मी काही बोललो नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. म्हणजे दसऱ्यापासून... नको, दसऱ्याचं येईल नंतर, घाई काय आहे? त्या मंगळवारपासून सांगतो. सुनीती हॉस्पिटलात रेडिओग्राफर. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली तेव्हा अख्ख्या डिपार्टमेंटला पेढे वाटले होते तिने! तर त्या संध्याकाळी घरात आली ती कोटसुद्धा न काढता सांगत सुटली. "हरीश, मी सरळ येत होते रे, आणि समोरून येणारी व्हॅन माझ्या पुढ्यातूनच राइटला वळली! वर मला हात करून थँक यू म्हणाला! मी ब्रेक मारला, चाक गेलं कर्बवर, फुटपाथच्या कडेवर..."

मी बाहेर जाऊन हेडलाइट लावले, तर दोन्ही दिवे लुकलुक, लुकलुक! आता आपल्याकडे दिवा मारला की त्याचा अर्थ काय? सरक, मी येतोय! आणि इथे? या, तुम्ही आधी! त्या व्हॅनवाल्याला वाटलं, बाई जागा देतेय, किती सभ्य!

म्हणजे बघा, दिवे लुकलुकले म्हणून व्हॅन वळली, आणि व्हॅन वळली म्हणून कर्ब. बरोबर? शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल! मी मात्र ठरवून टाकलं, कर्बवर आपटली म्हणून दिवे बिघडले. पण तिला मी काही बोललो नाही हां! हात मागे बांधले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि "च्च" केलं. एवढंच! तर तीच म्हणाली, "सॉरी रे, माझंच चुकलं." आणि मी... अहो, मी म्हणालो, "होतं असं." मोठ्या मनाने!

दुसऱ्या दिवसापासून तिने किल्लीला हात लावला नाही. "नको, मला नाही जमत ड्रायव्हिंग." पहाटे पावणेसहाला घराबाहेर, दोन बस बदलून, पावसात! आणि मी? साडेनऊला, उजेडात, सीट गरम करून!

गॅरेजवाला म्हणाला दोन आठवडे तरी वेळ नाही, म्हणून शनिवारी मीच बाह्या सरसावल्या. व्हिडिओ बघून बल्ब बदलले, हाताची सालटी निघाली, दिवे लुकलुक! फ्यूज बदलला, लुकलुक! बॅटरीची टोकं घासली, तरी लुकलुक! शेवटी लीड्सला मिहीरला फोन केला. हा आमचा मित्र, पेशंटला भूल देतो आणि सुट्टीत गाड्या खोलतो. म्हणाला, "दोन्ही एकदम लुकलुकतात ना? मग बल्बना कशाला छळतोयस? अर्थिंग बघ. बॉडीला बोल्टने बसवलेली वायर असेल, ती सैल असणार." मी म्हटलं, "सैल कशी होईल? तिला कोण हात लावायला गेलंय?" आणि बोलता बोलता... आठवलं.

हं. दसरा.

दसऱ्याला घरासमोर ड्राइव्हवेत गाडीची पूजा केली आम्ही. झेंडूचा हार सुनीतीने स्वतः ओवला, साडीला फॉल लावून उरलेल्या हिरव्या दोऱ्यात. पावसात टेप चिकटेना. म्हणून मी बॉनेट उघडलं, समोर दिसला तो बोल्ट सैल केला, त्यात दोरा अडकवला, वरून पुन्हा पिळला. आरतीचं ताट घेऊन ती म्हणालीसुद्धा, "अरे, ते कशाला खोलतोस?" मी म्हटलं, "तू कुंकू लाव. इंजिनिअरिंग मला शिकवू नकोस."

आता तोच बोल्ट खोलला, तर वायर आणि पत्रा यांच्या मधोमध, हार ओढून काढताना मागे राहिलेला हिरवा दोरा, एका झेंडूसकट! ओला, कुजका, भोवती गंज! लाज वाटली हो. माझ्या बायकोच्या अंगावर व्हॅन मी घातली होती, आणि माफी तिने मागितली होती. गंज घासला, बोल्ट आवळला, दिवे कसे समईसारखे शांत! दोरा घातला खिशात. तेवढ्यात ती आली बसमधून, भिजून. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "झाले? काय होतं रे?" मी म्हटलं, "लूज कनेक्शन." खोटं आहे का? "कर्बमुळेच ना?" मी म्हटलं, "हं..." पुढे मी काही बोललो नाही.

आणि मग ते दिवाळीतलं कौतुक! हॉलबाहेर आलो तर म्हणाली, "आज मी चालवू?" इतक्या दिवसांनी पहिल्यांदा! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, आणि तेवढ्यात तिने किल्लीसाठी माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातला...

किल्लीबरोबर हिरवा दोरा बाहेर. त्याला एक वाळका झेंडू.

तिने दोऱ्याकडे बघितलं. बॉनेटकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग हात मागे बांधले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "च्च." मी म्हटलं, "सुनीती, माझंच चुकलं गं!" तर म्हणाली, "होतं असं." आणि गाडी घेऊन घरी आली, अगदी झोकात, मला शेजारी बसवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हुकावर किल्ली नाही. तिथे बसचं टाइमटेबल लटकत होतं, त्याच हिरव्या दोऱ्याने. मी काही बोललो नाही. छत्री घेतली.