दीपगृहातला खुनी

प्लिमथच्या इस्पितळात मॉर्वेना आईच्या औषधांसाठी थांबली होती. समोरच्या बाकावर एक बाई मांडीवर पुस्तक मिटून बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्याने वाकून नाव वाचलं.

"वादळात दीपगृहात अडकलेली अनोळखी माणसं आणि एकामागून एक खून! वाचलंय मी हे."

"मग एक अक्षर बोलू नका!"

"शेवटचंच प्रकरण उरलंय तुमचं. वाचून टाका की."

"एकटी नाही वाचणार. डेन्झिलला, माझ्या नवऱ्याला, रोज वाचून दाखवते. आज त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आत नेताना म्हणाला, 'निदान खुनी कोण ते तरी सांग.' म्हटलं, परत ये, मग वाचते."

"कठोर आहात हो."

"घाबरलेय हो, दुसरं काय."

"चहा आणू?"

"आणा. साखर जास्त घाला."

तो उठतोय तोच नर्स आली.

"मिसेस ट्रेगियर, शुद्धीवर आले बरं का! डोळे उघडले आणि डॉक्टरांकडे बोट दाखवून म्हणाले, 'खुनी हाच!'"

"अगं बाई! त्याचा पुस्तकातल्या डॉक्टरवर संशय आहे!" बाई हसता हसता रडू लागल्या. मग म्हाताऱ्याकडे वळल्या. "बरोबर आहे का हो त्याचं?"

"मी तोंड उघडणार नाही. जा, वाचा दोघं."