भिंतीवर उमटलेला मृदंग

मंडळी, सूर ऐकायचा कशानं? कानानं – बरोबर. आणि कानच गेले तर? भजन संपलं? हं, आता कसे गप्प बसलात!

ऐका. एका गावात रंगनाथ गुरव होता. देवळात चाळीस वर्षं मृदंगावर तोच. म्हातारपणी कान गेले – पण कुणाला सांगेना! आता, मृदंगाच्या डाव्या बाजूला भिजवलेली कणीक लावतात, तेव्हा तो घुमतो. किती लावायची? ते कान सांगतो. याचा कान काही सांगेना, म्हणून हा थापतोय, आणखी थापतोय – अहो, दोन पोळ्यांची कणीक! मृदंग बोलतोय भद्द, भद्द. टाळकरी चुकले. शेवटी पाटील कानाशी येऊन ओरडले, "अप्पा, उद्या सप्ताहाची समाप्ती. तेवढं वाजवा. मग दुसरा माणूस बघतो."

रंगनाथ मृदंग घेऊन घरी आला. बायको सरूबाईनं कणकेची परात पाणी ओतून उन्हात ठेवलेली. पाण्यावरचं ऊन भिंतीवर पडलेलं. यानं संतापून मृदंगावर थाप मारली – आणि भिंतीवरचं ऊन थरारलं!

पुन्हा थाप. पुन्हा थरार. "सरू, इकडं ये. माझा मृदंग बघ!"

थोडी कणीक काढायची, वाजवायचं, भिंत बघायची. असं करता करता उजेडाची कडी उमटली – एकात एक, स्वच्छ. "आता घुमला," सरूबाई रडत म्हणाली. त्यानं ते तिच्या ओठांवर वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परात देवळात, दारातल्या उन्हात! लोक हसले, "अप्पा, पंगत आहे का?" अप्पाची नजर भिंतीवर. थाप पडली – आणि काय सांगू मंडळी! कडी फुलली, फुटली, त्यांची जाळी झाली. हात जलद झाला तशी जाळी बारीक, लवलवती. मूर्ती नाही, चित्र नाही – नुसता उजेड, पण तालात! टाळ थांबले. गळे थांबले. पाटील उभेच राहिले.

तसा रंगनाथाचाही हात थांबला. तो कळवळून म्हणाला, "भिंतीवर मी एकटाच दिसतोय रे. तुम्ही कुठं गेलात?"

आधी पाटलांनी तोंड उघडलं, मग साऱ्या देवळानं. भिंत भरून गेली. बहिरा रंगनाथ रडत रडत वाजवत होता. दुसरा माणूस कुणी बघितलाच नाही.

आता तुम्ही! मघापासून पाहतोय, तिसऱ्या रांगेत तोंडं मिटलेली. कान धड, गळा धड – आणि इथं कुणीतरी भिंतीकडे डोळे लावून बसलंय, तुमचा आवाज दिसतोय का म्हणून. त्याला एकटं पाडू नका. म्हणा माझ्यामागं.