विमानाच्या पोटातलं बटण

मुरबाडच्या स्टँडवर टोकावड्याची एसटी काही येईना. बाकावर शेजारी नवरा-बायको. नवऱ्याच्या मांडीवर प्लायवूडचं विमान, त्याचा पंख माझ्या बरगडीत.

"भातकापणीच्या मशीनचं इंजिन या खेळण्याला लावलंत?" बायकोनं विचारलं.

"खेळणं नाय गो, उडतं ते."

"उडतं ते ठावं हाय. गेल्या टायमाला इंजिन बंदच होईना. गिरजाकाकीच्या वालात घुसलं."

"म्हणून तं आता बटण बसवलंय. दाबलं की इंजिन बंद."

"कुठं बसवलंय?"

"हे काय, विमानाच्या पोटाला."

"आन् विमान वर असलं तं?"

"उतरलं की दाबायचं."

"उतरतं कधी?"

"पेट्रोल संपून इंजिन बंद पडलं की."

"मंग बटण कशाला?"

"तूच म्हणालीस ना, बटण बसवल्याबिगर उडवायचं नाय!"